किशोर विभागातील कादंबरी एका मुलास न देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय (किशोर विभाग).

विषय : निळ्या पुठ्ठ्याची, मुखपृष्ठावर दोन सायकली असलेली कादंबरी, तिची मागणी नोंदवलेल्या मुलास न देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवरील बाईंशी सोमवारी झालेले तोंडी बोलणे. ("माझ्या हातात काही नाही हो, साहेबांना अर्ज करा.")

महोदय,

मी खाली सही करणारा, वजनकाटे दुरुस्त करण्याचा धंदा करतो. काटे दरवर्षी तपासून सरकारी शिक्का मारून घ्यावे लागतात, त्यामुळे अर्ज लिहिण्याचा सराव आहे. मात्र प्रेमकथेबाबत अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ, तरी भाषेत काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

१. माझी मुलगी, वय वर्षे सोळा, आपल्या विभागाची सभासद होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे. औषधांनी चेहरा सुजायचा म्हणून शाळेतली मुले तिला 'फुगी' म्हणत. पुढे पुढे तीच फोन उचलून "फुगी बोलतेय" म्हणू लागली. तिच्या आईला सुया बघवत नसत, त्यामुळे सोबत बसण्याचे काम माझ्याकडे आले. सुया टोचलेला हात चार तास हलवायचा नसतो आणि एका हाताने जाडजूड पुस्तक धरून पाने उलटता येत नाहीत. तेव्हा पुस्तक मी वाचायचे आणि तिने ऐकायचे, असे तिने ठरवून टाकले. माझे मत विचारले नव्हते. किशोर विभागाचे पुस्तक सभासदास किंवा सभासदाच्या पालकासच मिळते, या आपल्या नियमानुसार सदर कादंबरी मी पालक या नात्याने सही करून नेली.

२. शेजारच्या खाटेवर एक मुलगा असे. सतरा वर्षांचा, पण आजाराने वाढ खुंटल्यामुळे जेमतेम बाराचा दिसे. त्याला सगळे 'काडी' म्हणत. त्याची आई त्याला दारात सोडून कामावर पळे. दोन खाटांच्या मध्ये माझे स्टूल असल्यामुळे मी जे वाचेन ते त्याच्याही कानांवर पडे. सुरुवातीला तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिसऱ्या प्रकरणापासून त्याचे तोंड माझ्याकडे झाले. निदान मला ते माझ्याकडे वाटले.

३. खरे सांगायचे तर असल्या पुस्तकांबद्दल माझे मत बरे नव्हते. अभ्यास सोडून पोराटोरांची प्रेमप्रकरणे काय वाचायची, असे मी तिला तोंडावर म्हटले होते. या कादंबरीत एक ताडमाड मुलगी आहे. ती वर्गातल्या सर्वांपेक्षा उंच असून भावाचे बूट घालते. एक मुलगा आहे, तो घाबरला की मोठ्याने हसतो, म्हणून त्याला जिकडेतिकडे मार बसतो. दोघेही डबा खायला शाळेच्या सायकल स्टँडमध्ये येतात, कारण बाकी कुठे त्यांना कोणी सरकून जागा देत नाही. एवढीच गोष्ट. मी ती वीजबिल वाचावे तशी वाचत होतो, असे माझ्या मुलीचे म्हणणे होते. एकदा मी वैतागून विचारले, अगं, यात असं आहे तरी काय? तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बाकीच्या गोष्टींमध्ये देखण्यांना देखणी भेटतात. ती कशीही भेटलीच असती. यात आमच्यासारख्यांचा हात कोणीतरी धरतं." तेवढ्यात काडीच्या मशीनची शिट्टी वाजली, कारण त्याने सुईचा हात हलवला होता. सिस्टर त्याला खूप रागावल्या.

त्यानंतर मात्र मी नीट वाचू लागलो. दुकानात काटा जुळवत असतानासुद्धा मला प्रश्न पडायचा की तो हसरा आता तिला विचारणार कधी? पन्नाशी उलटलेल्या माणसाने असल्या गोष्टीचा घोर लावून घ्यावा, हे काही बरे नव्हे. पण मी लावून घेतला होता, हे नमूद करतो.

४. आता मूळ मुद्दा. शेवटच्या प्रकरणात तो मुलगा मनाशी सगळे जुळवून, धावत स्टँडमध्ये येतो. तिची सायकल तिथे नसते. तिच्या घरच्यांनी रातोरात गाव सोडलेले असते. ती एक शब्द न बोलता गेलेली असते आणि तो हसत बसतो. पान उलटताना माझी नजर पुढे गेली आणि हे दिसले. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला काडी, दोघे माझ्या तोंडाकडे बघत आहेत. माझ्याच्याने ते वाक्य वाचवले नाही. मी पानावर नजर ठेवून वाचल्यासारखे केले की सायकल तिथेच होती, पंक्चर झाल्यामुळे ती थांबली होती, आणि मग दोघे सायकल हाताने ढकलत घरी गेले. मशीनचा वेळ अजून बराच शिल्लक होता, म्हणून त्यांचे शिक्षण पुरे केले. लग्न लावले. त्यांना दुकान काढून दिले. कसले दुकान ते आयत्या वेळी सुचेना, म्हणून वजनकाट्यांचेच. मुलगी इतकी हसली की सिस्टरांनी येऊन नळी तपासली.

५. त्यानंतर महिनाभरात रक्तात संसर्ग होऊन माझी मुलगी गेली. पुस्तक घरीच राहिले. मी ते उघडले नाही. सोमवारी परत करायला आलो तेव्हा आपल्या बाई म्हणाल्या, बरं झालं आणलंत, एक मुलगा सारखा विचारतोय, बारीकसा, हाताला पट्टी असते. येत्या शनिवारी तो नेणार आहे.

६. तरी विनंती की, सदर कादंबरी त्याला देण्यात येऊ नये. त्याला अजून जगायचे आहे. ते दोघे आपले दुकान चालवत आहेत असे तो समजून आहे, आणि तसेच समजून त्याने राहावे. पुस्तक बांधणीला गेले असे सांगता येईल. ते कुलूपबंद कपाटात ठेवता येईल. तेही जमत नसल्यास, शेवटचे प्रकरण काढून त्या जागी मी टाइप करून आणलेली पाने चिकटवण्यास परवानगी द्यावी. डिंक माझा. नियमात बसत नसल्यास लेखकाला कळवून पुढच्या आवृत्तीत सायकल पंक्चर करण्याबाबत आपल्या कार्यालयामार्फत सुचवावे. एवढ्याने कोणाचे काय बिघडणार आहे?

महोदय, येथवरचा मजकूर मंगळवारी लिहिला होता. खाडाखोड केलेला अर्ज घेत नाहीत, हा माझा अनुभव असल्यामुळे तो तसाच ठेवून पुढे लिहीत आहे.

७. काल डायलिसिस केंद्रातून दुकानात फोन आला की तिथला वजनकाटा चुकतो आहे. मशीनला लावण्याआधी प्रत्येकाचे वजन करतात आणि अंगातले किती पाणी काढायचे ते त्यावर ठरवतात. काटा चुकला तर माणूस जायचा. त्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही असे ठरवले होते, पण जावे लागले. काटा जुळवून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, कोणाला तरी उभं करून बघा. काडी उभा राहिला. मुलगा आणखी वाळला आहे. मी काट्याकडे बघत त्याला म्हणालो, अरे, ते पुस्तक नको आणू, छपाई फार वाईट आहे, डोळे दुखतील.

तो म्हणाला, "काका, मी वाचलंय ते. फुगीनेच तिच्या कार्डावर आणून दिलं होतं, तुम्ही वाचायला घ्यायच्या आधी. तिचं तर दोनदा वाचून झालं होतं."

मग त्याने हळूहळू सगळे सांगितले. ही पुस्तके फालतू असतात असे मी म्हणत असे ना, म्हणून तिला हे पुस्तक माझ्याच तोंडून ऐकायचे होते. मी शेवट बदलायला लागलो, तेव्हा काडी काही बोलणार इतक्यात तिने त्याला डोळ्यांनीच गप्प केले. नंतर मी पाणी आणायला गेलो असताना त्याला म्हणाली, "बाबांना शेवट झेपला नाही. त्यांना कळू देऊ नकोस." आणि म्हणे, "आपलं दुकान बरं चालेल."

'आपलं' म्हणाली का रे, असे मी दोनदा विचारले. हो, म्हणाला. आणि काट्यावर उभ्या उभ्या रडायला लागला. इतके दिवस मी त्या दोघांच्या मधोमध स्टूल टाकून बसलो होतो, साहेब, आणि मला काही म्हणजे काही दिसले नाही. मग पुस्तक पुन्हा कशाला हवे आहे, असे विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही छापलेलं सोडून आपलं बोलायला कुठून लागलात, ती ओळ बघायची आहे. तिथून पुढे ती हसत होती."

८. सबब, परिच्छेद ६ मधील सर्व विनंत्या रद्द समजाव्यात. कादंबरी शनिवारी त्याला द्यावी. मुदतीत परत आली नाही तरी तगादा लावू नये.

९. त्याचे वाचून झाल्यावर ती मला मिळावी, अशी नवीन विनंती आहे. शेवटचे प्रकरण मी अजूनही पुरते वाचलेले नाही, त्या दिवशी नजर पडली तेवढेच. माझ्या पोरीने ते दोनदा वाचले, एकटीने, आणि वाचून झाल्यावर घरात येऊन माझ्याबरोबर जेवली. तिने जे सोसले ते मला निदान एकदा वाचता आले पाहिजे. यात अडचण अशी की, आपल्या बाईंनी सोमवारी तिचे कार्ड बंद केले. सभासद नाही म्हणून पालक नाही आणि पालक नाही म्हणून पुस्तक नाही, असे त्यांनी मला फार मायेने समजावून सांगितले. त्यांचा दोष नाही. कार्ड बंद झाले हे मला मान्य आहे. परंतु मी तिचा बाप असणे बंद झाल्याचा कागद मला कोणत्याही कार्यालयाने दिलेला नाही.

तरी पालक या रकान्यात माझी सही यापुढेही चालावी.

आपला नम्र,
(सही)
फुगीचे वडील

दिनांक : ९ ऑक्टोबर, गुरुवार

सोबत : मुलीचे सभासद-कार्ड, मूळ प्रत. पाहून झाल्यावर परत द्यावे. तिच्या आईला सांगून आणलेले नाही.