भिंगार कँपातलं चिनी जेवण

५ डिसेंबर १९४५, नेवासे

नगरहून माधवराव वकिलांचं पत्र. मुलगा रविकांत डॉक्टर, लढाईवरून परतलाय. सुमेधाला बघायचं म्हणतो, पण घरी नाही— भिंगार कँपातल्या चिनी हॉटेलात! रंगूनहून पळून आलेल्या एका चिन्याने गोऱ्या सोल्जरांसाठी काढलंय म्हणे. सुमेधाची आई, दमयंती म्हणाली, "गावात कळलं तर?" मी म्हणालो, आपण नुसतं बसायचं. हेडमास्तर असलो, देवळात पोथी सांगत असलो, तरी मुलीचा बाप आहे.

७ डिसेंबर

सुमेधाला बजावलं— कशालाही हात लावायचा नाही. मुलीला मॅट्रिक करून चूकच केली. "मग मी तिथं काय करू?" म्हणते.

१० डिसेंबर

काल झालं एकदाचं. दमयंती आली नाही, मी आणि सुमेधा दोघंच गेलो. गोल मेज. बश्या मध्ये येतात आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. पहिल्या वाडग्यात शेवया दिसल्या, जीव भांड्यात पडला. खीर समजून चमचा तोंडात घातला— खारट. मग डोक्यासकट मासा. मग बदक. एकूण अकरा पदार्थ. रविकांत काड्यांनी खात व्याख्यान देत होता— अन्नाला जात नसते, आपला समाज चुलीतच अडकलाय. सुमेधा मन लावून ऐकत होती. मालकाकडून काड्या धरायला शिकली आणि थोडं थोडं सगळं खाल्लं तिने. मी डोळे वटारले, तिने पाहिलंच नाही.

मी फक्त भात घेतला. त्यात पिवळं काहीतरी होतं. चौकशी केली नाही. पुन्हा घेतला. बदकाचा रस्सा त्यावर कसा आला, सांगता येत नाही.

उठताना माधवराव हळूच म्हणाले, "नृसिंहराव, घरी आमची आई आहे. विचारलंच तर फळं आणि दूध घेतलं म्हणायचं."

"हो, आजीला कशाला दुखवा," रविकांत म्हणाला. "सुमेधा, तुम्हीही तेच सांगा."

घरी आल्यावर मीही दमयंतीला तेच सांगितलं.

"कोणती फळं?"

पेरू, म्हणालो.

१४ डिसेंबर

होकार आला! हुंडाही नको म्हणतात. शाळेत पेढे वाटले.

१५ डिसेंबर

सुमेधा नको म्हणते. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, जेवण आवडलं. त्यांचं बोलणं त्याहून आवडलं. पण ते दारापर्यंतसुद्धा टिकलं नाही. उद्या माझ्याबद्दल घरात काय सांगायचं, तेही असंच ठरेल."

दमयंती कणीक मळत होती. हात थांबले. "म्हणजे पेरू नव्हते?"

मी चपला घालून प्रवरेवर निघून गेलो.

१७ डिसेंबर

नकाराला कारण काय लिहावं? पत्रिका जुळत नाही, हे सोपं. तीन कागद फाडले. संध्याकाळी देवळात पोथी सांगताना दोनदा ओळ चुकली.

१८ डिसेंबर

खरं कारण लिहून पत्र टाकलं. मग देवळात, पोथी उघडायच्या आधी, भिंगारला काय काय खाल्लं ते सगळ्यांना सांगितलं. बरीच मंडळी उठून गेली. समोर दमयंती आणि सुमेधा बसून राहिल्या. त्यांना अध्याय पुरा सांगितला.