सात किलोमीटर डांबर, पाच किलोमीटर खडी

४ जानेवारी, रविवार
ही सायकलीची वही. सायकल यायची आहे, पण वही आधी आलेली बरी. शिस्त.
काल जेवताना हिने विषय काढला. मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून आपण दोघं फक्त गॅस आणि गोळ्या यांवरच बोलतो म्हणे. तर दर रविवारी सकाळी दोघांनी सायकलने तलावापर्यंत जायचं. बारा किलोमीटर. तिच्याकडे जुनी बास्केटवाली आहे. मी हो म्हटलं. मात्र हाताला लागेल ती सायकल मी घेणार नाही. पंचवीस वर्षं पाइपच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. जाडी केसभर चुकली तर अख्खा लॉट परत पाठवतो.
पुढच्या रविवारी मी तिच्या पुढे असेन.

११ जानेवारी, रविवार, सकाळी १०
सहाला हिने खांदा हलवून विचारलं, येताय का. सायकलच नाही तर येणार कसा? एकटी गेली.
मी मात्र अभ्यास केला. रस्ता पहिले सात किलोमीटर डांबरी, पुढचे पाच खडीचे. डांबरासाठी सायक्लोक्रॉस: वाकडं हँडल, बारीक टायर, वजनाला हलकी. खडीसाठी रिजिड माउंटन बाइक: जाड टायर, सरळ हँडल, पुढे सस्पेन्शनची भानगड नाही. पाचापेक्षा सात मोठे. म्हणून सायक्लोक्रॉस. निर्णय झाला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
पण येताना खडी पुन्हा लागते. डांबरही लागतं, हे मान्य.
ही म्हणाली, तलावावर पक्षी होते. कोणते विचारलं तर सांगता येईना. निरीक्षण कच्चं.

१ फेब्रुवारी, रविवार
दुकानात चौथी फेरी. दुकानदाराने पहिल्यांदा खुर्ची दिली होती, आता नुसती मान हलवतो. म्हणाला, साहेब, दोन्ही एकदा चालवून तर बघा. मी त्याला समजावलं की चालवून कुणीही ठरवेल, जाणकार आकडे बघून ठरवतो. तो आत गेला तो बाहेर आलाच नाही. गाढवाला गुळाची चव काय.

१५ फेब्रुवारी, रविवार
हिने माळ्यावरची मुलाची जुनी सायकल उतरवली, पंक्चर काढून आणलं, तेलपाणी केलं. म्हणे, तुमचं ठरेपर्यंत ही वापरा. गिअर नाहीत. सीट फाटकं. ओळखीचं कुणी भेटलं तर? नम्रपणे नाही म्हटलं. जरा आवाज चढला असेल.

८ मार्च, रविवार
हिचा धाकटा भाऊ त्या फाटक्या सीटवरून हिच्याबरोबर जायला लागला आहे. उंच आहे, बाकी त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही. आल्यावर दोघं स्वयंपाकघरात हसत होते. मी गेल्यावर थांबले. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, ठरलं का? त्याला माझा तीन पानी तक्ता मोबाइलवर पाठवला. त्याने अंगठा पाठवला. वाचणं नकोच कुणाला.
सहाला हिने मलाही विचारलं होतं. विचारते दर वेळी, ते खरं.

२२ मार्च, रविवार
सायक्लोक्रॉस. अंतिम.
फ्रेमसाठी पायांचं माप लागतं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत पुस्तक धरायचं आणि जमिनीपासून मोजायचं. हिने शिवणाच्या टेपने मोजलं. बहात्तर. पुन्हा मोजायला लावलं. बहात्तर. टेप जुनी, ताणलेली. ताणलेली टेप कमी दाखवते, हे मला कुणी शिकवू नये. दुकानातल्या फॉर्मवर सत्त्याहत्तर भरलं. लग्नात तेवढंच होतं.
मेहुण्यालाही तीच मोठी फ्रेम लागते म्हणे. लागू दे.

१९ एप्रिल, रविवार
आली. देखणी आहे. आडवा दांडा अंमळ उंच. जमिनीला दोन्ही पाय टेकत नाहीत, पण चालवताना पाय टेकायचे नसतातच. फाटकापर्यंत उत्तम गेली. मग थांबलो. पुढचं लिहीत नाही. दोन दिवस रजा टाकली आहे.

२१ एप्रिल, मंगळवार
दुकानात जाऊन खडसावलं. मी असा पाइप पाठवला असता तर नोकरी गेली असती, असंही म्हटलं. दुकानदाराने फॉर्म पुढे ठेवला. सत्त्याहत्तर. खाली माझी सही.
हिला सांगितलं. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

३ मे, रविवार
सायकल मेहुण्याला दिली. तात्पुरती, चाचणीपुरती. त्याला बेतोबेत बसली. दोघं निघाले ते गॅलरीतून बघितलं. खडीवर त्या सायकलीचे टायर टिकणार नाहीत. रिजिड माउंटन बाइकच घ्यायला हवी होती, हे मी जानेवारीपासून सांगतोय. आता तीच, छोट्या फ्रेमची. पक्कं.
दुपारी हिला तसं सांगितलं. ती ओटा पुसत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, सायकल घ्या असं मी म्हटलंच नव्हतं. बरोबर चला म्हटलं होतं."
यावर माझ्याकडे मुद्देसूद उत्तर आहे. उद्या लिहितो.

४ मे, सोमवार
कामावर फार गडबड.

१७ मे, रविवार, पहाटे ५.४०
आज जायचं. मुलाची सायकल चालेल. भेटेना का कुणी ओळखीचं. बूट घालून पांघरूण ओढून पडलो आहे, चाहूल लागली की डोळे मिटेन. ती सहाला येईल, खांदा हलवेल. पहिल्यांदा नुसतं हं म्हणेन. दुसऱ्यांदा विचारलं की उठून बसेन. पायात बूट बघून तिचा चेहरा कसा होईल!

६.००
स्वयंपाकघरात दिवा लागला. बाटलीत पाणी भरल्याचा आवाज.

६.०५
पावलं दारापर्यंत आली. थांबली. घोरल्यासारखं केलं.

६.१५
बाहेरचं दार लागलं.
अठरा रविवार विचारलं. मी मोजलेत. आज नाही विचारलं.

६.२५
खाली सायकल उभी आहे. चाकांत हवा आहे. निघालो तर डांबर संपायच्या आत गाठता येईल.
पण बोलावल्याशिवाय कसं जायचं?
बूट काढले.