जुन्याहून नव्याला

प्रिय ताई,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं. तुझा भाऊ नाही, सूनबाई. मंगळवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मला वाटलं, खालचा दुकानदारच परत टेप घेऊन आला. घर रिकामं व्हायच्या आधीच त्याची मापं घेणं चालू आहे, इथे साबणाची खोकी, तिथे पाण्याच्या बाटल्या. त्याला तरी काय बोलायचं, तू पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन मला न्यायला येणार आणि मग इथे त्याचं गोदाम होणार, हे आपणच तर ठरवलं. मी डोक्याला तेल लावत बसले होते. केस मोकळे, हात तेलकट, त्याच अवतारात कोपराने कडी काढली आणि म्हणाले, काय रे, भिंती काय रोज वाढतात का. तर समोर सूनबाई. एका हाताला मोठी नात, कडेवर बारकी, खांद्यावर पिशवी आणि चेहरा असा, की ही आता हसणार की रडणार कळेना. म्हणाली, आई, आधी बाथरूम कुठेय ते दाखवा, बाकीचं मग सांगते.

मोठीला आत धाडलं आणि बारकी माझ्या हातात आली. तिला मी आजवर फोनवरच पाहिलेली, तीही निम्मी, कारण तुझा भाऊ फोन असा धरतो की पोरीची हनुवटी आणि छतावरचा पंखा एवढंच दिसतं. प्रत्यक्षात चांगली वजनदार आहे. डोळे तुझे आहेत, रागीट. माझ्या तेलकट केसांत हात घातला आणि तोच हात स्वतःच्या गालाला पुसला. तेवढ्यात मला सुचलं आणि मी विचारलं, अगं, पण आमचा राजा कुठे आहे. सूनबाई खुर्चीत बसली, पायातले बूट काढले आणि म्हणाली, तुमचा राजा परत विमानतळावर गेला. ज्या विमानतळावरून आलो त्याच विमानतळावर.

आता हे तुला त्याने फोनवर सांगितलं असेलही, पण तो सांगताना स्वतःची बाजू सांभाळूनच सांगणार, तेव्हा माझ्याकडून ऐक. तिच्या माहेरी जायला त्यांना इथे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून विमान धरावं लागतं. दर वेळी असंच असतं. आणि दर वेळी तो मला फोनवर सांगतो, आई, वेळ नाही गं, टॅक्सीने बाहेरच्या बाहेर जातो. यंदा टॅक्सीऐवजी रेल्वेने जायचं ठरलं होतं. आपल्या बाजाराखाली ते जमिनीखालचं स्टेशन झालंय ना, तिथे गाडी बदलायची. मला आधी म्हणाला होता, आई, या वेळी तुझ्या घराच्या खालून जाणार आम्ही, पण उतरता यायचं नाही. मी म्हटलं, मग मी खाली येऊन उभी राहते. तर नको म्हणाला, गर्दी असते, तुझा गुडघा. मनात म्हटलं, खालून जातात तर जाऊ देत, आपण वर बसून खोकी बांधावीत.

तर ते तिथे उतरले. एका बाजूला एक गाडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. वरच्या भोंग्यातून बाई बोलली, नव्या विमानतळाला जाणारी गाडी डाव्या बाजूला उभी आहे. झालं. नवं म्हटल्याबरोबर तुझा भाऊ दोन मोठ्या बॅगा घेऊन डावीकडच्या गाडीत चढला. सूनबाई फलाटावरून ओरडतेय, अहो, ती नाही, ती नाही, आपल्याला जुन्याला जायचंय. हा आतून हात करतोय, ये ये, लवकर चढ. दार बंद झालं, गाडी गेली आणि ती मधे कुठेही थांबत नाही. सूनबाई म्हणते, आई, मी त्याला घरून निघताना तिकीट दाखवलं होतं, विमानात दाखवलं होतं, उतरल्यावर दाखवलं होतं. इतका शिकलेला माणूस, ह्याला नवं आणि जुनं कळत नाही का.

मला जे हसू आलं ताई, मी बारकीला तिच्याकडे देऊन भिंतीला धरून हसले. कारण कळत नाही कसं, त्याला चांगलंच कळतं, पण तुझ्या बाबांच्या भाषेत. तुला हे ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण तिला सांगताना मलाच परत मजा आली. तिला म्हटलं, तुझे सासरे फरशी बसवणारे मिस्त्री. तुम्हाला आता ज्या विमानतळावर जायचंय, तिथल्या मोठ्या हॉलची फरशी त्यांच्या टोळीने घातली. तेव्हा ते खरोखरच नवं होतं, गावभर त्याला नवंच म्हणायचे. पुढे तुम्ही सकाळी उतरलात ते पहिलं विमानतळ पाडून काचेचं बांधलं आणि लोक त्याला नवं म्हणायला लागले, आणि आमचं झालं जुनं. पण आमच्या घरात नाही झालं. बसमधल्या कंडक्टरने जुनं विमानतळ म्हणून हाक मारली तर हे त्याला म्हणायचे, जुनं असेल तुझं कपाळ, आणि आदल्या थांब्यावर उतरून पायी जायचे. घरात कुणी चुकून जुनं म्हटलं तर त्या दिवशी त्याचं ताट त्याने स्वतः वाढून घ्यायचं. सूनबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, म्हणजे माझ्या नवऱ्याला गेलेल्या सासऱ्यांनी चुकीच्या गाडीत बसवलं. मी म्हटलं, चुकीच्या कशाला, पाय आपोआप बापाच्या शब्दाने चालले, त्यात त्याचा काय दोष. दोष नाही, पण बोलणी खाणार, असं म्हणून ती आंघोळीला गेली. मला मुलगी आवडली.

तिने टॉवेल मागितला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. टॉवेल खोक्यात. तू सांगितलंस तसं मी सगळं बांधून, वर दोरी आवळून ठेवलं होतं. एक खोकं सोडलं, त्यात निघाल्या कढया. दुसरं सोडलं, त्यात तुझ्या बाबांची हत्यारं, ओळंबा, थापी, फरशी ठोकायचा रबरी हातोडा. तो हातोडा बारकीने जो पकडला तो शेवटपर्यंत सोडला नाही. टॉवेल मिळाला तिसऱ्यात. मग बारकीला वाटी हवी म्हणून चौथं. मोठीला कंगवा हवा. ती मोठी फार सभ्य आहे, मला म्हणते, आजी, तुम्ही कुठे प्रवासाला निघाला आहात का. मी उत्तर द्यायच्या आधीच सूनबाई ओल्या केसांनी दारात उभी राहिली आणि एकेका खोक्याकडे बघत म्हणाली, आई, हे काय आहे. त्याला माहीत आहे का. मी म्हटलं, अंडी उकडून घेतेस का तळून.

त्याला आपण सांगितलं नव्हतं, ते तुझंही मत होतं आणि माझंही. उगाच लांब बसून जीवाला लावून घेईल. पण आता तो जिन्यात बॅगा आपटत वर येत होता, लपवायचं तरी किती. दारातच सूनबाईने त्याला घेतलं फैलावर, कुठून आलात, जुन्याहून की नव्याहून. तो घामाघूम. मला म्हणाला, आई, सवय गं. मग त्याची नजर गेली खोक्यांवर. एका खोक्यावर बसला, दिलेली अंडी खाल्ली, पाव खाल्ला, चहा घेतला, परत चहा मागितला. लहानपणी काही फोडून आला की असाच गप्प बसून खायचा, आठवतं तुला? मग मीच सांगितलं, ताईकडे जातेय कायमची. थंडीत बाथरूममध्ये पडले होते तेव्हापासून तिला झोप नाही. जावईबापूंनी माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीय. एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, पडलीस कुठे, दाखव.

दाखवलं. तो तसाच खाली गेला आणि आपल्या त्याच दुकानदाराकडून ड्रिल मशीन आणि एक स्टीलचा दांडा घेऊन आला. धरायला बाथरूमच्या भिंतीत बसवतो म्हणाला. दुकानदार मागोमाग वर, त्याला वाटलं गोदामाच्या फळ्या ठोकायचं काम चाललंय, मदतीला उभा राहिला बिचारा. दांडा बसला घट्ट, मी सगळा भार टाकून पाहिला, हलत नाही. पण भोक पाडताना एक फरशी तडकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्रीचा मुलगा. आम्ही दोघं त्या फरशीकडे बघत राहिलो. मी म्हटलं, ते असते तर आता तुला संध्याकाळपर्यंत बोलत राहिले असते. तो म्हणाला, मला चाललं असतं.

आणि मग तिथेच, हातात ड्रिल धरून त्याने सांगितलं. ताई, हे तुला सांगू की नको असा विचार करत होते, पण सांगते. वेळ नसतो हे खोटंच होतं. सूनबाईलाही तो सांगायचा, एवढ्यात घरी जाऊन परत येणं व्हायचं नाही. अर्धा अर्धा दिवस ते विमानतळावरच्या खुर्च्यांत बसून काढायचे. म्हणाला, बाबा गेल्यानंतर मी निघालो तेव्हा तू माझी बाही धरलीस आणि सोडेचनास, ताईने तुझी बोटं सोडवली. तसं परत निघायची माझी हिंमत होत नाही, आई. म्हणून उतरतच नव्हतो. मला ती बाही आठवत नाही बघ. शर्ट कोणता होता तोही आठवत नाही. त्याला मात्र सगळं आठवतं. मी त्याच्या खांद्यावरची सिमेंटची भुकटी झटकली आणि म्हटलं, चल, विमान सुटेल, आणि तुम्हाला गाडीत बसवायला मी येते, तुझा काही भरवसा नाही.

तो नको नको म्हणत होता, सूनबाईने त्याला बाजूला सारलं आणि माझा हात काखेत घेतला. बारकी माझ्या गोधडीत, उघड्या खोक्यात झोपली होती, तिला हातोड्यासकट उचललं. सरकत्या जिन्यावर मी पहिल्यांदाच गेले. पाय कधी टाकायचा तेच कळेना. मोठी म्हणाली, आजी, मी सांगितलं की पाय टाका, आणि म्हणाली, आता. टाकला. खाली ती बाई परत बोलली, नवं डावीकडे, जुनं उजवीकडे, आणि आम्ही चौघं मोठी माणसं असल्यासारखी गंभीरपणे उजवीकडे गेलो आणि बसवायला आलेली मीही त्यांच्याबरोबर चढले. गाडी कशी आहे म्हणून सांगू, हादरा नाही, आवाज नाही, समोर दोन पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली. मग एकदम जमिनीतून वर आली आणि सगळ्या इमारतींच्या गच्च्या दिसल्या, वाळत घातलेल्या चादरी, पाण्याच्या टाक्या, एक म्हातारा कुंड्यांना पाणी घालत होता. मी इतकी वर्षं या शहराला खालूनच बघतेय, वरून एवढं नीटनेटकं असेल असं वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये मोठी खाली बघत चालत होती. आजोबांची फरशी कोणती म्हणून विचारलं. आता टोळीत एवढी माणसं होती, मला काय ठाऊक कुणाची कोणती. पण मी खांबाजवळची एक दाखवली, चांगली स्वच्छ बघून. ती त्या एका फरशीवर मांडी घालून बसली आणि लोक तिला वळसा घालून जायला लागले. तुझ्या भावाने तिचा फोटो काढला. मग निघायची वेळ झाली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि त्याला म्हटलं, नीट पाटी वाच, नाहीतर संध्याकाळी परत माझ्या दारात येशील. तो हसला, मागे वळून वळून बघत गेला. मी ठरवलं होतं, रडायचं ते परतीच्या गाडीत. पण गाडीत शेजारी एक बाई बसली होती, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकता ऐकता आपलं स्टेशन आलं, आणि जिन्यावर पाय कधी टाकायचा ते आता मला येतं.

आता ताई, हे सगळं पत्रातच का लिहिलं ते सांगते. माझी शाळा दुसरीपर्यंत, जोडाक्षरं सांभाळून घे, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शनिवारी टेम्पो आणू नकोस. मी येत नाही. तुझ्यावर रागावून नाही, जावईबापूंनी रंगवलेली खोली मला आवडलेलीच आहे, तिथे मी आठ दिवस राहायला येईन आणि तुझ्या हातचं आयतं खाईन. पण तुझं गाव या दोन्ही विमानतळांपासून दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथे तो वाट वाकडी करून यायचा नाही. इथे फक्त एक जिना चढायचा असतो. दुकानदाराला मी काल सांगून टाकलं. त्याने तोंड पाडलं, मग म्हणाला, आजी, दांडा हलला तर हाक मारा. खोकी निम्मी सुटलीच आहेत, उरलेली तू सोडायला ये, नुसती पिशवी घेऊन ये, आणि रागावायचं असेल तर समोर बसून रागाव. मात्र येशील ती पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ये. त्यांनी परतीचं तिकीट बदलून घेतलंय, मधे एक अख्खी रात्र ठेवलीय. रविवारी सकाळी येणार आणि सोमवारी दुपारी जाणार.

तुझीच,
आई