उसाभोवतीची तार

मुलींचे वसतिगृह, अहिल्यानगर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. नाना यांना,
सृष्टीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी कडक, मेसची आमटी पातळ. तिसऱ्या वर्षाची परीक्षा पुढच्या आठवड्यात सुरू होते. आमचा कॅमेऱ्याचा प्रोजेक्ट निम्मा झालाय. बिबट्या दिसला की दिवे आणि भोंगा आपोआप सुरू व्हायला हवा, पण आमचा कॅमेरा अजून कुत्र्यालाही बिबट्याच समजतो. सविताकाकूंचा गुडघा कसा आहे? निकिता अभ्यास करते ना?

फोनच करणार होते. पण तुमचा आवाज ऐकला की माझं धाडस जातं.

आप्पांनी काल सांगितलं, की तुम्ही चावडीसमोर भावकीतल्या बिभीषणदादांची कॉलर धरली. त्यांचा बांधावरचा रस्ताही अडवलात. त्यांचा ऊस तोडून पडलाय आणि गाडी आत जात नाही.

नाना, दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "सृष्टे, कालवड नेली त्यानं. आता उसाला तार बांधून करंट सोडतो. बिबट्या मरंल आन् मानूस वाचंल, असं काय तरी जोडून दे." मी म्हणाले, करंट माणूस ओळखत नाही. "मग शिकतीस काय तिथं?" असं म्हणून तुम्ही हसलात. मीही हसले. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या महिन्यात घरी आले, तेव्हा सकाळीच मळ्यात गेले होते. काकू गवताचा भारा घेऊन बांधाने येत होत्या. साडी दवाने गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायांत काही नाही. आणि मला गवतात ती तार दिसली. उघडी, मोटारीच्या खोलीतून ओढलेली. मी किंचाळले, "काकू, थांबा!" भारा तारेच्या अगदी अलीकडे पडला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

तुम्ही आलात आणि म्हणालात, "रोज ती यायच्या आधी बंद करतो गं. आज इसरलो."

माझ्यासमोर तुम्ही तार काढली. पण फेकली नाही, नीट गुंडाळून खुंटीला टांगली. ते मी पाहिलं होतं.

परत आल्यावर वर्गात सर शिकवत होते, की ओल्या अंगातून जरासा करंट गेला तरी हृदय बंद पडू शकतं. सगळे लिहून घेत होते. माझ्याच्याने अक्षर लिहवेना. तास संपताच निकिताला फोन केला. ती म्हणाली, "परत बांधली, ताई. आईला सांगितलंय, तिकडं जाऊ नको."

तुम्हाला वाटतं तशी वीज कार्यालयात तुमची तक्रार बिभीषणदादांनी केली नाही. मी केली. तुमचं नाव सांगितलं, मळ्याची वाटही मीच सांगितली.

मोटारीचं कनेक्शन तोडतील, गुन्हा दाखल होईल, हे मला ठाऊक होतं. पोरीला विजेचं शिक्षण नको, असं माझे वडील असून आप्पासुद्धा म्हणत होते. "पोरगी तेच शिकंल," म्हणणारे तुम्ही एकटे होतात. तेच तुम्ही माझ्यामुळे पोलीस ठाण्यात बसलात. हे डोळ्यांपुढून हलत नाही.

तरी माफी मागत नाही, नाना. मागितली तर ती खोटी होईल. पण माझ्या वाट्याचा राग बिभीषणदादांवर काढू नका. त्यांचा रस्ता मोकळा करा.

अजून म्हणवून घेत असाल, तर तुमचीच,
सृष्टी


२१ डिसेंबर

चि. सृष्टीस,

निकिताच्या हातनं लिहून घेतोय. मी सांगतो तसंच लिही म्हनलंय तिला.

तुझं पत्र तिनं मोठ्यानं वाचलं. तुझी काकू भाकरी थापता थापता ऐकत हुती. तवा उतरवला आन् बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, कागद फाडून टाकावा.

दुसऱ्या दिशी बिभीषणकडं गेलो. कॉलर चारचौघांत धरली हुती, म्हनून हातबी चारचौघांतच जोडले. तो म्हनला, "आसाराम, माझी नात त्या बांधाला बोरं येचायला जायची. तक्रार मीच करायला पायजे हुती. भावकी नको तुटायला म्हनून गप बसलो." मला तिथं उभं राहवंना.

रस्ता मोकळा केलाय. त्याचा ऊस कारखान्याला गेला. आपली मोटार बंदच हाय, कांदा माना टाकायला लागलाय. कोर्टाचं काय हुईल ते हुईल.

तुझा राग आलाय. तो इतक्यात जानार न्हाई, खोटं कशाला सांगू? तू आलीस तर मी बोलंन का न्हाई, ते माझं मलाच ठाऊक न्हाई.

पन परीक्षा झाली की ये. मी न्हाई बोललो तरी ये. आन् काकूच्या हातचं जेवल्याबिगर माघारी जायचं न्हाई.

तुझाच,
नाना