ओरखडा असलेली रेकॉर्ड

ताई,

तुम्ही नवरा सोडून गेलात, ते माझ्या वाट्याला आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जाताना हेवी मेटल आणि पंकच्या रेकॉर्डी का नाही नेल्यात? दर रविवारी घरात तुमचाच धिंगाणा. केस वाढवलेले बाप्ये बोंबलतात, खिडक्या थरथरतात, आणि आमचे हे डोळे मिटून हवेत ड्रम बडवतात. माझ्या हातचा चहा निवून जातो.

त्यातल्या काळ्या कव्हरच्या रेकॉर्डवर ओरखडा आहे. गायकाची किंकाळी टिपेला पोचते आणि नेमकी तिथेच सुई उडी मारून थेट ड्रमवर पडते. "आम्ही नाचत होतो, टेबलाला धक्का लागला," असं हे एकदा हसत म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला. मी तीच रेकॉर्ड नवी कोरी आणली. किंकाळी पुरी झाली, मागून गिटार काय सुरेख कळवळली! पण ह्यांची मान जुन्या उडीच्या जागीच, ड्रमच्या आधीच हलली. मग हिरमुसून म्हणाले, "छान आहे गं."

तो पसारा घेऊन जा, हे तुम्हाला लिहायला बसले आणि सोबतीला नवी रेकॉर्ड लावली. किंकाळी टिपेला पोचली, ड्रम अजून यायचे होते, आणि उडीच्या जागी माझीच मान हलली.

आता हे पत्र टाकत नाही. तुम्ही याल आणि दारातच विचाराल, ओरखड्याची कुठंय? ती मी देणार नाही.

तुमच्या जागी आलेली