राखेचा रुमाल

सनीव्हेल,
२० फेब्रुवारी १९८७

प्रिय राजीव,

'प्रिय' लिहिण्याआधी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. मग लिहिलंच, कारण परक्या माणसावर इतकी वर्षं राग टिकत नाही.

जर्सी सिटीत तुझं बरं चाललंय, असं आपल्या जुन्या दोस्ताकडून, शैलेंद्रकडून कळत असतं. तिथल्या पार्ट्यांत तू 'इनासच्या राखेचा किस्सा' अजून सांगतोस, हेही त्यानेच सांगितलं. लोक पोट धरून हसतात म्हणे. पण तू किस्सा अर्धाच सांगतोस. उरलेला आज ऐक.

४ मार्च १९८१. राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळी चर्चमध्ये सातच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, जाऊन मी कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि तुझ्या गाडीत येऊन बसलो. कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये तू माझ्याकडे नीट पाहिलंस. "अरे यार, आज प्रेझेंटेशन तुझं आहे. गोऱ्यांना वाटेल, हा जादूटोणा करून आलाय. पूस ते." तू रोज गंध लावणारा पुण्याचा मुलगा. ते तू विमानाच्या बाथरूममध्ये धुऊन टाकलंस, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. कपाळ कोरं केल्याशिवाय अमेरिका आपल्याला आत घेत नाही, अशी तुझी समजूत. थर्मासमधल्या पाण्यात रुमाल भिजवलास आणि म्हणालास, "कर पुढे." मी कपाळ पुढे केलं. कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकणारा मी, तुला पुसायला सोपं जावं म्हणून केसही मागे धरले. काळा झालेला रुमाल तू माझ्याच हातात कोंबलास.

अकरा वाजता आपले बॉस डोनोव्हनसाहेब मीटिंगला आले. त्यांच्या कपाळावर अंगठ्याएवढा काळा क्रूस. तू माझ्या कानाशी लागून विचारलंस, "म्हाताऱ्याला काय लागलंय रे? सांगू का त्याला?" इथे तुझा किस्सा संपतो. पण त्या सकाळी राखेच्या रांगेत डोनोव्हन माझ्या मागेच उभे होते. त्यांनी माझ्या पुसलेल्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि नजर कागदांवर नेली. बोलले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं.

वसईला माझी आई याच दिवशी राखेचं कपाळ घेऊन बाजारात केळी विकायला बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, कपाळाला काजळी लागलीय." ती म्हणायची, "काजळी नाही बाबा. मी माती आहे, एवढं आज लक्षात ठेवायचं असतं. डझनभर देऊ?" त्या वर्षी तिने पत्रातून विचारलं, तिकडे राख मिळाली का, दिवसभर ठेवलीस का. मी लिहिलं, हो, दिवसभर. त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली. खोटं दुरुस्त करायला माणूस उरलं नाही. यावर हसतात का रे तुझ्या पार्टीत?

तेव्हापासून दर वर्षी मी ती राख दुकानात, मीटिंगमध्ये, भाषणाला उभा राहिलो तर तिथेही, संध्याकाळपर्यंत मिरवतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. आपल्या जुन्या कंपनीत परत यायचा तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला आहे. डोनोव्हन निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसतो. घाबरू नकोस. तुझं काम उत्तम आहे असं मी लिहून दिलंय आणि निवडीत मत देणार नाही. 'इनासने नोकरी अडवली' म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही. सूड मला वेगळा हवाय. मुलाखतीचा दिवस मीच ठरवलाय : बुधवार, ४ मार्च. तारीख तीच, आणि यंदाही तो राखेचाच बुधवार आहे. मत देणार नसलो तरी समोर मी बसणारच; तासभर तुला माझ्या कपाळाकडे बघत बोलावं लागेल. या पत्राच्या पाकिटात तुझा रुमाल आहे. सहा वर्षं धुतलेला नाही. येताना घेऊन ये, आणि हिंमत असेल तर मुलाखत घेणाऱ्या पाच जणांसमोर हात लांब करून पूस. या वेळी कपाळ मी पुढे करणार नाही.

तुझाच, काही न विसरलेला,
इनास