उम्म सालिमकडून ऐकलेले

लिहून ठेवणार मी, दमयंती गंगाधर कोतवडेकर, वय वर्षे एकसष्ट, राहणार मांडवी, रत्नागिरी. डोक्याने शाबूत आहे, गुडघ्यांनी नाही. कोणाच्या सांगण्यावरून अगर धाकावरून नव्हे, तर राजीखुशीने माझ्या मालमत्तेची पुढीलप्रमाणे व्यवस्था करीत आहे.

आमची मासूमा सांगते की, अरबी विद्येत नुसती गोष्ट सांगून भागत नाही. ती कोणी कोणाकडून ऐकली, त्या माणसांची नावे आधी ओळीने द्यावी लागतात. मगच ती खरी धरतात. मला ही रीत फार आवडली. म्हणून प्रत्येक वस्तू माझ्याकडे कोणाच्या हातून आली, तेही लिहीत आहे.

१. राहते घर. हे माझे वडील रघुनाथराव यांनी एडनच्या कस्टम कचेरीतून निवृत्त होऊन आल्यावर बांधले व मला बक्षीसपत्राने दिले. सासरच्या कोणाचा त्यावर हक्क नाही. माझ्यामागे ते माझा भाचा काशीराम यास मिळावे. मात्र माडीवरची खोली, टेबल व दर्याकडच्या खिडकीसह, मासूमा जैनुद्दीन सारंग हिच्याकडे राहावी. ही जयगडचे गलबतावरचे तांडेल जैनुद्दीन यांची मुलगी. मुंबईस अरबी घेऊन एम. ए. झाली आणि आता विद्यापीठाच्या डॉक्टर पदवीसाठी प्रबंध लिहीत आहे. तिच्या घरी पाच भावंडे. कागद पसरायला जागा नाही. प्रबंध मान्य होईपर्यंत खोली तिची.

काशीराम हे ऐकून म्हणाला, "आत्ये, आणि तो संपायचा कधी?"

जैनुद्दीन ओटीवरच बसले होते. ते म्हणाले, "काशीरामभाऊ, शीड चढवल्यावर कवा पोचणार म्हणून इचारायचं नसतं. आमच्यात अपशकुन मानतात."

तेव्हा काशीरामाने घर घ्यावे, पण मासूमाला 'झाला का?' असे विचारू नये. ही अट समजावी.

२. शिवणाची पेटी. एडनच्या कॉन्व्हेंटमधील सिस्टर अ‍ॅग्नेस यांच्याकडून मला. ती काशीरामाची मुलगी राही हिला द्यावी. शाळेच्या मागील दाराशी उम्म सालिम नावाची अरब बाई शेळीचे दूध घालायला येई. मी तास चुकवून तिच्याशी गप्पा मारताना सिस्टरांनी मला पकडले. आता छडी मिळणार म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी आतून स्टूल आणून दिले आणि म्हणाल्या, "बसून बोल, पाय दुखतील." माझी अरबी त्या स्टुलावर बसून झाली. सिस्टरांचे उपकार मी विसरलेली नाही.

३. कॉफीची पितळी किटली. आम्ही एडन सोडले त्या दिवशी उम्म सालिमने ती माझ्या आईला दिली, आईने मला. ती जैनुद्दीन यांना द्यावी. लग्नानंतर माझ्या यजमानांना माझ्या अरबीचे भारी कौतुक. रोज दिवेलागणीला म्हणत, "आज एक नवीन वाक्य सांगा बरं." इतक्या वर्षांत त्यांना कॉफी मागण्यापुरतेच आले, पण ते मागत मात्र झोकात. माझे धाकटे दीर मात्र एका मुंजीच्या पंगतीत मोठ्याने म्हणाले, "वहिनी घरात नमाज पढतात म्हणे!" सगळे हसले. त्या दिवसापासून मी घराबाहेर अरबीचा एक शब्द काढला नाही. दिरांना मी काही ठेवीत नाही. ते समाचाराला आले तर त्यांना या किटलीतली कॉफी द्यावी, साखर घालून.

४. तांब्यापितळेची भांडी. ही सोनूबाईला द्यावयाची होती. अठरा वर्षे तिनेच घासली. पण आज तिने हट्ट धरला की, या कागदावर तिचाही आंगठा हवा. वकीलसाहेब म्हणाले, जिला काही मिळते तिने साक्ष घालू नये. तिचे मिळणे जाते. सोनूबाई म्हणाली, "मग मला भांडी नकोत बाय. माजा आंगठा घ्या. मी हुते हितं, कळूंदे लोकांना." मी तिला भांडी आत्ताच हयातीत देऊन टाकली. आता ती साक्षीदार आहे.

५. शेवटचे. मासूमा बी. ए. ला असताना सुट्टीत मला पुस्तकातले अरबी वाचून दाखवीत होती. मी नकळत अरबीतच उत्तर दिले. ती हसत सुटली. "मावशी, ही कुठली अरबी?" मी म्हटले, "दूधवालीची." तिच्या प्रबंधाचे बीज तेच: बंदरावरच्या बायका बोलतात ती अरबी, आणि तिचे आमच्या किनाऱ्यावर राहिलेले शब्द. सबंध मोठे प्रकरण माझ्या तोंडचे आहे. पण दिरांच्या त्या हसण्याच्या धास्तीने मी तिला नाव घालू दिले नाही. तिने 'रत्नागिरीतील एक वृद्ध स्त्री' असे लिहिले. तिचे प्राध्यापक म्हणाले, बिननावाचा साक्षीदार संशोधनात चालत नाही. नाव द्या, नाहीतर प्रकरण काढा. दिवाळीत ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "मावशी, तुमच्या मनाविरुद्ध नाही लिहिणार. काढून टाकते." ते काढले तर प्रबंधात उरते काय? तरी मी गप्प राहिले.

आज सोनूबाईने शाईत आंगठा बुडवला आणि मला माझ्या गप्प बसण्याचा कंटाळा आला.

तर मासूमाने असे लिहावे: हे मी दमयंती गंगाधर कोतवडेकर हिच्याकडून ऐकले, तिने एडनच्या दूधवाल्या उम्म सालिमकडून, उम्म सालिमने आपल्या आईकडून. त्या आईचे नाव मी विचारले नाही, विचारायला हवे होते. प्राध्यापकांना पुरावा लागल्यास हा कागद दाखवावा.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रातील कलमे मृत्यूनंतर लागू होतात. बाकीची होवोत. हे कलम आजपासून लागू आहे.

सही: दमयंती गंगाधर कोतवडेकर

साक्षीदार:
भागोजी धोंडू शिवलकर, शाळामास्तर (सही)
सोनूबाई तुकाराम घाणेकर (डाव्या हाताचा आंगठा, खुशीने)

मुक्काम रत्नागिरी, तारीख ११ जानेवारी १९३८